पार्किंगचं डांबर: कोटेशन आलीयेत, बघून घ्या

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. पार्किंगची दोन कोटेशन हातात आहेत. एक जण सगळीकडं २५ एमएमचा थर म्हणतोय, दुसरा ४० एमएम. एरिया टेप लावून मोजला, ६००० स्क्वेअर फूट. पावसाच्या आत उरकायचं तर रविवारी ठरवावं लागेल.

बी-१०४: करा की ओ लवकर. काल दुपारी माझी स्कूटी परत आडवी झाली, साइड स्टँड डांबरात रुतलं, आरसा गेला. मी खाली फरशीचा तुकडा ठेवते तर झाडताना रोज कोणतरी उचलून टाकतंय.

सी-२०२: डांबर नकोच, पेव्हर ब्लॉक टाका. एकदाच काय ते

बी-४०३: ब्लॉक पण खचतात साहेब, माझ्या मेव्हण्याच्या सोसायटीत बघा जाऊन, गाडी चालवली की टकटक टकटक वाजतंय

ए-००३: मी सकाळी चक्कर मारायच्या ऐवजी पार्किंगच नीट बघितलं, ३० वर्षं रस्त्याच्या साइटवर काढलीत म्हणून सांगतो, लांब लिहितोय पण वाचा. गेटपासून पाण्याच्या टाकीपर्यंत जो पट्टा आहे तिथंच मगरीच्या पाठीसारख्या भेगा आहेत, बाकी ठिकाणी नाहीत. का? टँकर. आपल्याकडं नळाला रोज पाणी नाही, त्यामुळं उन्हाळा आला की टँकर आलाच, आणि १०,००० लिटर म्हणजे नुसतं पाणीच १० टन, गाडीचं वजन वेगळं. बिल्डरनं हे केलंय कारच्या हिशोबानं. वॉचमनकडून पहार घेऊन एका भेगेत उकरलं तर डांबर जेमतेम दीड बोट, खालची खडी काळ्या मातीत घुसलेली आणि मुरूम ओला, या कडक उन्हात ओला! टाकी भरून वाहते ते पाणी तिथंच मुरतंय. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, वर तुम्ही २५ टाका नाहीतर ४०, पुढच्या दिवाळीपर्यंत त्याच भेगा वर येणार.

बी-१०४: काका मग माझं स्टँड का रुततंय, भेगा तर माझ्याकडं नाहीत

ए-००३: वहिनी तुमची गाडी लागते तो गेल्या वर्षीचा पॅच आहे, त्यात डांबर जास्त पडलंय म्हणून उन्हात लोण्यासारखा होतो. जुनं डांबर उलट उन्हानं वाळून कडक भाकरीसारखं झालंय, कोपऱ्यातला तुकडा हातानं मोडून बघा.

सी-२०२: 😂 शेंगा चटणी आणा कोणीतरी

सेक्रेटरी: मग करायचं काय काका, ते सांगा ना

ए-००३: आधी टाकीचा ओव्हरफ्लो पाइपनं थेट गटारीत सोडा, हे फुकटात होतंय. मग तो पट्टा, साधारण ५० बाय १२ फूट, चौकोनी कापून काढायचा, काळी माती दीड फूट तरी काढायची, मुरूम थराथरानं पाणी मारून दाबायचा, त्यावर खडी, त्यावर डांबर. बाकीच्या भागाला भेगा साफ करून भरल्या आणि वरून एक थर दिला की पुरे. खर्च पट्ट्यावर करा, दिसायला काळंभोर करण्यावर नको.

ए-३०१: दुसरा पार्टीवाला तर म्हणाला खोदायची गरजच नाही, वरून जाड थर देतो, ४० एमएम

ए-००३: त्याच्या कोटेशनमध्ये माल किती टन लिहिलाय बघा बरं

ए-३०१: ३० टन

ए-००३: मग हिशोब घ्या. ६००० स्क्वेअर फूट म्हणजे ५५७ स्क्वेअर मीटर, दाबलेला माल घनमीटरला २.३५ टनाच्या आसपास धरा. २५ एमएमला ३३ टन लागतात, ४० ला ५२. ३० टनात ४० एमएम कसा बसवतो ते त्यालाच विचारा, २३ एमएमच्या पुढं जात नाही.

बी-४०३: अगागा 😳 पैसे ४० चे, माल २५ चा पण नाही

सेक्रेटरी: म्हणजे गाडी आली की काट्याची पावती बघायची

ए-००३: प्रत्येक गाडीची, रिकामी आणि भरलेली दोन्ही. आणि माल वाफाळता पाहिजे. ताडपत्री झाकून आला नाही, गार झाला, तर परत पाठवा, साधारण ९० डिग्रीच्या खाली गेला की रोलर कितीही फिरवा बसत नाही.

बी-४०३: मागच्या वेळच्याने तर झाडूपण मारला नव्हता, धुळीवरच टाकलं. दोन महिन्यात पापडासारखं निघालं, माझा मुलगा तुकडे घेऊन क्रिकेटचा स्टंप करत होता

ए-००३: टॅक कोट, म्हणजे नवा थर जुन्याला चिकटायला मारतात ते पातळ डांबर, मारलाच नसेल. ते मारतात तेव्हा चहासारखं तपकिरी दिसतं, काळं झालं की मग वर माल टाकायचा. घाईत तपकिरीवरच टाकतात, कोणीतरी उभं राहायला पाहिजे. मी थांबतो, फक्त खुर्ची आणि सावली द्या.

ए-३०१: वर थर आला की लेव्हल वाढणार ना? लिफ्टच्या खड्ड्यात पाणी जाईल

ए-००३: बरोबर बोललात. बिल्डिंगच्या कडेनं जुनं डांबर खरवडून मगच थर द्यायचा, उतार गेटकडं ठेवायचा, १०० फुटाला दीड फूट धरा. चेंबरची झाकणं पण वर घ्यायला सांगा नाहीतर झाकणाच्या जागी खड्डा होतो.

सी-२०२: पैसे कुठनं? माझा मेंटेनन्स वाढवू नका हा 🙏

सेक्रेटरी: रिपेअर फंडात आहेत, सिंकिंग फंडाला, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवलेल्या पैशाला, हात लावत नाही. काका म्हणतात त्या हिशोबानं दोघांकडून नवीन कोटेशन मागवतो, पट्टा वेगळा आणि वरचा थर वेगळा, टन लिहून. रविवारी १० वाजता खाली या, सतरंजी टाकतो.

बी-१०४: आणि काम होईपर्यंत गाड्या कुठं

सेक्रेटरी: मागच्या गल्लीत, दोन दिवसाचा प्रश्न आहे वहिनी

ए-३०१: सर उद्या सकाळी ७ ला टँकर सांगितलाय, तो आत घ्यायचा का?

ए-००३: गेटबाहेर थांबवा, पाइप लांबला तर जोड लावा

बी-४०३: पाइप माझ्या गॅलरीत आहे, कोणीतरी न्यायला या