सेकंडहँड संगणकावर स्वतःच्या परवान्याचे सॉफ्टवेअर कसे टाकावे?

खानापूरकर:
नमस्कार मंडळी. खानापुरात माझे लहानसे छपाईचे दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुके, यात्रेची हँडबिले अशी कामे मी मराठी आणि कानडी अशा दोन्ही भाषांत करतो. मे महिन्यातल्या वळवात जवळच वीज पडली आणि दुकानातल्या संगणकाचा मदरबोर्ड जळाला. हार्ड डिस्क तेवढी वाचली. नवा संगणक घेणे सध्या परवडत नसल्यामुळे बेळगावातल्या एका विक्रेत्याकडून, बेंगळुरूच्या कुठल्याशा ऑफिसातून उतरलेला डेस्कटॉप घेतला. सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह आहे, १६ जीबी रॅम आहे आणि एसएसडी नवी आहे. विक्रेत्याने न मागताच त्यात कोरलड्रॉ, फोटोशॉप, ऑफिस आणि टॅली टाकून दिले आणि त्याचे वेगळे पैसेही घेतले नाहीत.

माझ्याकडे कोरलड्रॉ बिलासह विकत घेतलेले आहे, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा परवाना आहे आणि श्री-लिपी या भारतीय भाषांच्या टंकांच्या सॉफ्टवेअरचे डोंगलही (संगणकाला जोडायची परवान्याची किल्ली) आहे. विक्रेत्याने टाकलेल्या प्रतींमध्येच माझे अनुक्रमांक घालून चालेल का, की सगळे पुसून पहिल्यापासून सुरुवात करावी? जुना संगणक सुरूच होत नाही, मग त्यावर अडकलेले परवाने सोडवायचे कसे? शिवाय माझे डोंगल जुन्या पद्धतीचे, प्रिंटरच्या २५ पिनांच्या पोर्टला लागणारे आहे आणि या यंत्राला तसे पोर्टच नाही. तुळशीच्या लग्नानंतर पत्रिकांची कामे सुरू होतात, त्याआधी हे मार्गी लागावे अशी इच्छा आहे.

उद्यमबागवाला:
खानापूरकर, सगळे पुसा. विक्रेत्याने फुकट दिलेल्या प्रती क्रॅक केलेल्या (परवान्याची तपासणी चुकवणाऱ्या) असण्याचीच शक्यता जास्त आहे, आणि क्रॅक चालावा म्हणून अँटिव्हायरस बंद करून ठेवलेला किंवा परवाना तपासणारी फाइल बदललेली असते. अशा प्रतीत आपला खरा अनुक्रमांक घातला तरी ती प्रत खरी होत नाही. कायद्याचेही भान ठेवा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ ब प्रमाणे सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळू शकते; आपला वापर धंद्याचाच आहे, त्यामुळे ती सवलत आपल्याला लागू होत नाही. पैसे मोजून परवाना घेतलेल्या माणसाने दुसऱ्याच्या आळसापायी हा धोका पत्करावा, हे मला अजिबात पटत नाही.

पुसण्याआधी विंडोजचा परवाना तपासा. विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबून एसएलएमजीआर, मग एक जागा, तिरकी रेघ आणि एक्सपीआर ही अक्षरे इंग्रजीत (slmgr /xpr) टाइप करा. चौकटीत कायमस्वरूपी सक्रिय असल्याचा मजकूर आला तर बहुधा काळजी नाही. एखादी तारीख दिसली, तर तो परवाना जुन्या मालक कंपनीच्या सर्व्हरकडून दर १८० दिवसांत नूतनीकरण करून घ्यावा लागणारा किंवा तशी बतावणी करणारा असतो. तो तुमचा नव्हे. नामांकित बनावटीच्या यंत्रांत विंडोज ८ पासून मूळ की (परवान्याचा क्रमांक) मदरबोर्डाच्या फर्मवेअरमध्येच, म्हणजे त्यावरच्या कायमच्या प्रोग्रॅममध्येच, साठवलेली असते. त्यामुळे एसएसडी बदललेली असली, तरी तीच आवृत्ती नव्याने टाकल्यावर परवाना आपोआप ओळखला जातो.

एक अनुभव सांगतो. सीएनसीच्या (संगणकाने चालणाऱ्या कारखान्यातल्या यंत्रांच्या) प्रोग्रॅमिंगसाठी घेतलेल्या एका सेकंडहँड लॅपटॉपवर मी विंडोज नव्याने टाकले आणि इंटरनेट जोडताच पडद्यावर कुठल्या तरी कंपनीचे नाव उमटून तिथल्या कर्मचाऱ्याचा लॉगिन मागितला जाऊ लागला. ते यंत्र त्या कंपनीच्या यादीतून काढलेलेच नव्हते. माझे चार दिवस वाया गेले. म्हणून विक्रेत्याची परत घेण्याची मुदत संपण्याआधीच, त्याच्या दुकानात बसून, इंटरनेट जोडून, विंडोज एकदा नव्याने टाकून बघा. बायोसला (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला) पासवर्ड आहे का, तेही तिथेच कळेल.

सहाव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. इंटेलचे बहुतेक प्रोसेसर आठव्या पिढीपासून पुढचेच त्यात आहेत. विंडोज १० ला मिळणारा सुरक्षा सुधारणांचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अक्षरजुळणीला हे यंत्र उत्तम आहे, पण बँकेचे व्यवहार त्यावर करू नका.

निपाणीकर:
टॅलीपुरते लिहितो, कारण मी हिशेबाची कामे करतो. संगणक चालू असताना बदलायचा असेल, तर जुन्या यंत्रावर परवाना सरेंडर करून (सोडून देऊन) नव्यावर सक्रिय करायचा, ही सरळ रीत आहे. तुमचे यंत्र जळाल्यामुळे परवाना रीसेट करून घ्यावा लागेल. त्यासाठी अनुक्रमांक आणि परवान्याशी नोंदवलेला ईमेल हवा. इथेच गाडी अडते, कारण पुष्कळ दुकानदारांचा नोंदवलेला ईमेल त्यांचा स्वतःचा नसून परवाना विकणाऱ्या एजंटाचा असतो. आधी तो तपासा. टॅलीप्राइमला ६४ बिटचे विंडोज लागते, तेवढे नव्याने टाकताना लक्षात ठेवा. जुन्या डिस्कवरचे डेटा फोल्डर मात्र आज, आत्ता, दुसरीकडे उतरवून घ्या.

खडेबाजार प्रेसवाला:
खानापूरकर, तुमची खरी ठेव ते डोंगल आणि जुन्या फाइली आहेत. युनिकोडच्या (सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीच्या) आधीच्या टंकांत, म्हणजे फाँटांत, केलेली पत्रिका ते टंक नसलेल्या यंत्रावर उघडली, तर गणेशाय नमःच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. मजकूर गेलेला नसतो, तो वाचणारा टंक तिथे नसतो. म्हणून फाइल उघडून गोंधळ दिसला तर घाबरून सेव्ह मात्र करू नका.

बाजारात मिळणारी यूएसबी ते प्रिंटर केबल घेऊ नका. ती प्रिंटरपुरती असते, डोंगल तिच्यातून सहसा ओळखले जात नाही. डेस्कटॉपला पीसीआय एक्सप्रेसचे पॅरलल पोर्ट कार्ड बसते, त्यावर काही डोंगल चालतात. पण जुन्या लॉकचा, म्हणजे डोंगलचा, ड्रायव्हर (ते चालवणारा प्रोग्रॅम) ६४ बिट विंडोजवर चालेल याची खात्री नसते. त्यापेक्षा बिलाची प्रत आणि डोंगलवरचा क्रमांक घेऊन पुण्याला श्री-लिपीच्या कंपनीकडे विचारणा करा आणि जुन्याच्या बदल्यात यूएसबी लॉक मिळण्याची सोय आहे का, ते पाहा. यूएसबी लॉक मिळाले, तर आधी ड्रायव्हर टाका आणि मगच लॉक खोचा. उलट केल्यास काही वेळा चुकीचा ड्रायव्हर बसतो. कोरलड्रॉसाठी बिल, अनुक्रमांक आणि खरेदीचा ईमेल घेऊन त्यांच्या मदत विभागाला यंत्र जळाल्याचे स्पष्ट लिहा. परवाना तुमच्या नावावर आहे, त्या जळालेल्या पेटीच्या नावावर नाही.

खानापूरकर:
सर्वांचे मनापासून आभार. काल विक्रेत्याच्या दुकानात जाऊन तपासले. चौकटीत तारीखच आली. त्याच्यासमोर एसएसडी पुसून विंडोज नव्याने टाकल्यावर मात्र फर्मवेअरमधल्या कीवरच ते सक्रिय झाले आणि कुठल्या कंपनीचा लॉगिन मागितला गेला नाही. जुन्या डिस्कवरचा सगळा डेटा भावाच्या लॅपटॉपवर उतरवला आहे. टॅलीला नोंदवलेला ईमेल खरोखरच एजंटाचा निघाला. तो बेळगावातच असतो, सोमवारी त्याच्याकडे जात आहे. डोंगलच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावरचा क्रमांक पुसट झाला होता, भिंग लावून वाचला आणि बिलाच्या प्रतीसह पुण्याला पाठवला आहे. खडेबाजारचे दादा, लॉक येईपर्यंत हातात असलेली दोन पत्रिकांची कामे तुमच्या यंत्रावर बसून करता आली तर बरे होईल. पेन ड्राइव्ह घेऊन येतो, तासाचा जो दर असेल तो सांगावा.