अनुभव धागा : 'सीआयडी' आणि इतर गुन्हेमालिकांतल्या गमती, तुम्ही पकडलेल्या चुका

'सीआयडी' २१ जानेवारी १९९८ला सोनीवर सुरू झाली, २०१८पर्यंत चालली, डिसेंबर २०२४मध्ये परत आली. भारनियमन सांभाळून ती पाहिलेले खान्देशी इथे भरपूर आहेत. या किंवा कुठल्याही गुन्हेमालिकेत काय खटकलं, ते लिहा. ऐकीव नको, स्वतः पाहिलेलं.

अमळनेर : आमच्या आजीला हिंदी जेमतेम कळायचं, म्हणून ती कपडेच बघायची. संशयित दारातून आत आला की लगेच, "आरे, आते तं निया (निळा) शर्ट व्हता ना याना!" बहुतेक वेळा तिचंच खरं असायचं.

धुळे : वडील पोलिसात होते, त्यामुळे माझी नजर आधी खांद्यावर जाते. पीएसआयला दोन तारे आणि लाल-निळी फीत, इन्स्पेक्टरला तीन तारे आणि फीत, एसीपीला तीन तारेच, फीत नाही. एका मालिकेत पीएसआय जीपमध्ये बसला दोन ताऱ्यांनी, उतरला तीन ताऱ्यांनी!

रावेर : एका मालिकेत केळीच्या बागेत प्रेत सापडतं. रात्री खुनी पळतो तेव्हा बाग नुकती निसवलेली, म्हणजे घड नुकते बाहेर पडलेले, केळफुलांची कमळं लोंबताहेत. सकाळी पंचनाम्याला त्याच ओळीत घड भरून कापणीला आलेले, झाडांना बांबूचा टेकू. निसवणीपासून कापणीपर्यंत तीनेक महिने तरी जातात हो! शेत कुणाचंही असो, एकदा मालकाला विचारायला हवं होतं. आमच्या घरी त्या भागात खुनी कोण निघाला ते कुणालाच आठवत नाही, घड मात्र सगळ्यांना आठवतात.

भुसावळ : गाडी विजेच्या इंजिनानं सुटते, पुढच्या शॉटला तीच गाडी डिझेलवर. आमच्या गावात हे शाळकरी पोरही सांगेल.

नंदुरबार : 'सीआयडी'त अभिजीतची भूमिका करणारे आदित्य श्रीवास्तव आधी त्याच मालिकेत गुन्हेगार म्हणून येऊन गेले होते, १९९८मध्ये. जुने भाग पाहताना मी उडालोच.

चाळीसगाव : 'सीआयडी'चा २००४चा 'द इन्हेरिटन्स' हा भाग लोणावळ्यात १११ मिनिटं सलग, एकही कट न घेता चित्रित झाला. कटच नाही, म्हणजे शर्ट बदलायला जागाच नाही. कॅमेऱ्याची नाहीतर माइकची सावली कुठे आली का, ते मी शोधतोय. कुणाला दिसली असेल तर मिनिटासकट लिहा.