मदत हवी आहे: डाउनलोड केलेल्या रिपोर्टची बेरीज शून्य येतेय

घाईगडबड
रिपोर्ट डाउनलोड करून एक्सेलमध्ये उघडला. आकडे सगळे दिसतायत, पण बेरीज ० येतेय. फॉर्म्युला तीनदा तपासला, बरोबर आहे. तारखांचंही काहीतरी बिनसलंय. उद्या सकाळी द्यायचाय हो, कोणीतरी पटकन सांगा. 'गुगल करा' म्हणू नका, ते करून झालंय.

रकानेवाला
फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने तोडलेला नुसता मजकूर) की एक्सएलएस (एक्सेलची स्वतःची)? तारखांचं 'काहीतरी' म्हणजे काय?

घाईगडबड
नेहमीचा महिन्याचा रिपोर्ट. फाइलवर एक्सेलचंच चिन्ह आहे. डबल क्लिक केलं, उघडली.

रकानेवाला
चिन्हावर जाऊ नका, एक्सेल टाकलं की सीएसव्हीलाही तेच हिरवं चिन्ह येतं. नोटपॅडमध्ये उघडा आणि एखादी ओळ इथे डकवा. नावगाव खोडून.

उंटावरचा
लिब्रेऑफिस घ्या, एक्सेलसारखंच पण फुकट आहे. सीएसव्ही उघडतानाच प्रत्येक रकाना काय म्हणून घ्यायचा ते विचारतं. एक्सेल न विचारता स्वतःच ठरवतं, तिथेच सगळा घोळ.

चिवट_मुंगी
त्यापेक्षा पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहा. तक्ते वाचायला पांडाज नावाची लायब्ररी आहे, तिच्यात सगळे रकाने मजकूर म्हणून वाचायचे. तीन ओळींचं काम.

उंटावरचा
तीन ओळी लिहायच्या आधी पायथन टाकायचं, मग पांडाज टाकायचं. त्यांना उद्या सकाळी रिपोर्ट द्यायचाय, नोकरी बदलायची नाहीये.

कागदी_वाघ
छापताना प्रत्येक पानावर शीर्षकाची ओळ यायला हवी असेल तर पेज लेआउट, प्रिंट टायटल्स. बऱ्याच जणांना माहीत नसतं.

घाईगडबड
छापायचं नाहीये. ही ओळ:
१०००२३४५६७८९०१२३४५,०५/०३/२०२५,४५०.००
पहिला ऑर्डर नंबर, तो एक्सेलमध्ये १.०००२३ई+१७ असा दिसतोय. १२ तारखेपर्यंतच्या तारखा नीट आहेत, उजव्या कडेला. १३ पासून पुढच्या डाव्या कडेला चिकटल्यात. त्या कशा दुरुस्त करू?

रकानेवाला
उलटं आहे. नीट वाटतायत त्याच चुकल्यात. तुमच्या संगणकाची तारीख महिना-दिवस अशी लावलेली दिसते, त्यामुळे ५ मार्चची ३ मे झाली. दिसायला तसंच दिसतं, म्हणून कळत नाही. तेरावा महिना नसतो, म्हणून १३ पासूनच्या नुसता मजकूर राहिल्या आणि बिचाऱ्या वाचल्या.
आणि फाइल सेव्ह केली नाहीत ना? एक्सेल आकड्याचे १५च अंक ठेवतं, पुढचे शून्य करतं. तुमचे १८ आहेत.

घाईगडबड
केली. दोनदा.

रकानेवाला
मग ती फाइल विसरा, रिपोर्ट पुन्हा उतरवा. डबल क्लिक नको. एक्सेलची कोरी फाइल उघडून डेटा टॅबमधून फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही. डेटा टाइप ओळखायचा विचारेल तिथे 'डू नॉट डिटेक्ट' निवडा, मग ट्रान्सफॉर्म डेटा. ऑर्डर नंबर टेक्स्टच राहू द्या. तारखेच्या रकान्यावर उजवी टिचकी, चेंज टाइप, युझिंग लोकेल (म्हणजे कुठल्या देशाच्या पद्धतीने वाचायचं), तिथे डेट आणि इंग्लिश (इंडिया).

जुना_खेळाडू
अवांतर: एक्सेलच्या या तारीखवेडापायी जनुकांची नावंसुद्धा बदलावी लागली! 'मार्च१' लिहिलं की १ मार्च व्हायचं. २०२० मध्ये त्याचं अधिकृत नाव 'मार्चएफ१' झालं आणि 'सेप्ट१'चं 'सेप्टिन१'.

चिवट_मुंगी
म्हणूनच म्हणतोय, पायथन.

घाईगडबड
तारखा आणि नंबर जमले!! रकमेच्या रकान्याचा टाइप मात्र डेसिमल (दशांश आकडा) केला की सगळीकडे एरर. ट्रिमही (कडेच्या मोकळ्या जागा काढणं) करून पाहिलं.

रकानेवाला
रकमेपुढे १६० क्रमांकाची न तुटणारी मोकळी जागा असणार, दिसते साध्या स्पेससारखीच पण चिन्ह वेगळं, वेबवरच्या रिपोर्टांत असते. बेरीज शून्य यायचं कारणही तेच, आकडे मजकूर झालेत. साधं ट्रिम तिला हात लावत नाही. डेसिमल केलेली पायरी काढा. नोटपॅडमधून ती एक जागा कॉपी करून रिप्लेस व्हॅल्यूजच्या पहिल्या खान्यात डकवा, दुसरा रिकामा. मग पुन्हा डेसिमल.

घाईगडबड
आली बेरीज! पण रिपोर्टच्या आकड्याच्या बरोब्बर दुप्पट आहे. आता काय??

उंटावरचा
शेवटची ओळ बघा.

घाईगडबड
'एकूण' लिहिलंय. तीही बेरजेत धरली होती. काढली, जुळलं. सगळ्यांचे आभार. जनुकांचं उद्या वाचते.