शब्दचर्चा: मुलीचं ‘मधलं नाव’ ठेवायचं की लावायचं?

प्रश्न

नमस्कार. माझी चुलतबहीण लंडनला असते. तिला मुलगी झाली आणि परवा फोनवर मला विचारते, “ताई, पहिलं नाव ठरलं, आता मधलं काय ठेवू? इथे माझ्या मैत्रिणींच्या मुलींची रोझ, ग्रेस अशी आहेत. मराठीत सध्या कुठली चालतात?” मी गिरगावात वाढले. आपल्याकडे मधलं नाव कुणी ठेवल्याचं मी ऐकलेलं नाही, ते असतंच. तर मराठीत ‘मधलं नाव’ म्हणजे नेमकं काय? मुलींच्या मधल्या नावांची आपल्याकडे फॅशन बदलते का? आणि आता जन्मदाखल्यावर आईचं नाव येतं, तेही ‘मधलं’च म्हणायचं का?

उत्तर

ताई, मी परळच्या बाजूला शाळेत शिकवलं. दर जूनमध्ये नवा कॅटलॉग, म्हणजे वर्गाचा हजेरीपट, हाताने लिहायचा, त्यामुळे पोरींची पूर्ण नावं हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. जरा सविस्तर लिहिते.

आधी क्रियापद बघा. मराठीत नाव ‘ठेवतात’. बारशाला आत्या बाळाच्या कानात कुर्र करते आणि एकच नाव सांगते, तेवढंच ठेवलेलं. त्यापुढचं सगळं ‘लावतात’. “ती वडिलांचं नाव लावते”, “लग्नानंतरही तिनं नवऱ्याचं नाव लावलं नाही”, असंच आपण बोलतो. लावायचं म्हटलं की ते कुणाचं तरी असावं लागतं. ‘मधलं नाव’ हा शब्द फॉर्मवरच्या रकान्यांमुळे रुळला. घरात विचारताना आपण अजूनही “वडिलांचं नाव काय गं तुझ्या?” असंच विचारतो.

आणि ते नेहमी मध्ये असतं असंही नाही. शाळेच्या कॅटलॉगात, दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं: जाधव स्नेहल प्रकाश. इथे ‘मधलं’ नाव शेवटी जाऊन बसलं आणि मुलीचं स्वतःचं नाव मध्ये आलं.

जुन्या कागदांत तर नातं शब्दानेच लिहीत. तुमच्यापैकी ज्यांची कोकणात जमीन असेल त्यांनी जुने सातबारा आणि फेरफार काढून बघा. ‘बाळू बिन धोंडू’ म्हणजे धोंडूचा मुलगा बाळू. ‘सखूबाई कोम तुकाराम’ म्हणजे तुकारामाची बायको सखूबाई. ‘बिन’ आणि ‘कोम’ दोन्ही अरबी-फारशी दप्तरातून आलेले. हे शब्द पुढे गळाले आणि नुसतं नाव उरलं, ‘सखूबाई तुकाराम’. गळाल्यामुळे एक माहिती हरवली. तुकाराम बाप की नवरा, हे आता कागद सांगेना. ते काम मग ‘कु.’ आणि ‘सौ.’ करू लागले. आता तेही मागे पडत चाललेत, आणि पडायलाच हवेत, असं माझं मत आहे. पुरुषाला एक ‘श्री.’ जन्मभर पुरतो, बाईनेच नावाआधी लग्नाचा पुरावा का जोडायचा?

तरीही जोडीवरून ओळखता येतं, आणि तुमच्या फॅशनच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथेच आहे. आपल्या मधल्या नावांची फॅशन बदलते, पण पहिल्या नावांच्या एक पिढी मागून. वडिलांची पिढी ज्या नावांच्या लाटेत जन्मली ती लाट पंचवीस-तीस वर्षांनी मुलींच्या मधल्या नावांत येते. स्वातंत्र्याच्या आसपास जन्मलेल्या बायकांच्या नावात पांडुरंग, दत्तात्रय, भिकाजी, सखाराम सापडतील. त्यांच्या मुलींच्या नावांत सुरेश, मधुकर, चंद्रकांत, शांताराम. पुढे संजय, सुनील, राजेंद्र, प्रकाश. आता पहिलीत येणाऱ्या पोरींच्या नावात अमोल, सचिन, योगेश, राहुल. पहिलं नाव अन्वी, मायरा, ईरा, आणि पाठीमागे योगेश. पहिलं नाव नव्या काळाचं आणि त्यामागचं आधीच्या काळाचं, अशा दोन काळांची गाठ प्रत्येक मराठी मुलीच्या नावात असते. सुनील गावस्करांचं पूर्ण नाव सुनील मनोहर, मुलाचं रोहन सुनील. 1949 साली ‘सुनील’ नवं नाव होतं, ते एका पिढीत मधल्या जागी सरकलं.

म्हणून यादीत ‘मंगल पांडुरंग’ वाचलं की मी समजते, हे वडील. ‘मंगल सुरेश’ वाचलं की बहुधा नवरा, कारण मंगल आणि सुरेश एकाच काळातली नावं. नेहमी बरोबर येईल असं नाही, पण मतदार यादीतला पती-वडिलांचा रकाना झाकून करून बघा, बऱ्याचदा जमतं.

लग्नातल्या बदलाचंही असंच. ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहायची रीत होती, त्यात पहिलं नावच पुसलं जायचं. कल्याणला 1865 साली जन्मलेली यमुना जोशी लग्नानंतर आनंदी झाली. सासरही जोशीच. म्हणजे डॉक्टर होऊन 1886 साली अमेरिकेहून परतलेल्या आनंदीबाईंच्या नावात पहिलं बदललं, मधलं बदललं आणि आडनाव तेवढं जागेवर राहिलं. आज उलटं दिसतं. पहिलं नाव बदलून घेणाऱ्या मुली मुंबईत फारशा उरल्या नाहीत. पण बँकेत, रेशनकार्डावर मधलं आणि आडनाव अजून बदलतं, आणि त्यासाठी पूर्वी चर्नी रोडच्या सरकारी छापखान्यात राजपत्राची जाहिरात द्यायला रांगा लागायच्या. माझ्या दोन्ही भाच्यांनी काहीच बदललं नाही, याचा मला फार आनंद आहे.

आता तुमच्या बहिणीच्या लंडनबद्दल. इंग्रजांकडे मधलं नाव खरोखर ठेवतात, म्हणून तिथे फॅशनही उघड दिसते. ॲन आणि मरी भक्तीतून आली. मरी म्हणजे येशूची आई, आणि ॲन ही परंपरेने मरीची आई. 1970-80च्या दशकांत तिकडे लुईज फार चाललं. आता रोझ, ग्रेस, मे ही एका झटक्यात उच्चारली जाणारी छोटी नावं दिसतात, कारण लांब पहिलं नाव आणि आडनाव यांच्यामध्ये ती तोंडात नीट बसतात. मधलं नाव तिथे बऱ्याच अंशी कानासाठी निवडतात.

हे मुंबईला परकं नाही. भारतीय महिला क्रिकेट संघाची नावं घ्या. वांद्र्यात मोठी झालेली जेमिमा जेसिका रॉड्रिग्ज. तिचं ‘जेसिका’ खरोखर ठेवलेलं मधलं नाव आहे, जसं वांद्रे, गोराई, वसईकडच्या ख्रिस्ती घरांत ठेवतात. मुंबईत जन्मून सांगलीत वाढलेली स्मृती श्रीनिवास मंधाना. श्रीनिवास म्हणजे वडील. त्यांच्या आधीच्या काळातल्या मुंबईच्या पारशी डायना फ्रॅम एडुल्जी, त्यांच्याही नावात वडिलांचंच नाव. आणि कर्णधार हरमनप्रीत कौर भुल्लर. ‘कौर’ हे ना ठेवलेलं, ना कुणा माणसाचं, ते शीख परंपरेनं 1699 साली खालसा पंथ स्थापन झाला तेव्हापासून बायकांना दिलेलं. फॉर्मवर चौघींनाही ‘मिडल नेम’ असा एकच रकाना, आणि त्यातल्या नावाचे अर्थ तीन. माझ्या वर्गात शेजारी शेजारी बसणाऱ्या मुलींमध्ये याहून जास्त प्रकार असायचे. उत्तरेकडच्या मुलींची कुमारी, तमिळ मुलींची नुसती आद्याक्षरं. कॅटलॉग लिहिताना मी दरवर्षी पालकांना विचारून घ्यायचे, की यात कुणाचं नाव आहे, की कुणाचंच नाही. आपल्या सवयीने ‘कुमारी’ला मुलीचे वडील समजणं चुकीचं, आणि त्या मुलीवर अन्यायाचंही.

दुसरा प्रतिसाद

बाई, माहिती छान दिलीत. पण आईचं नाव घालणं ही सरकारने आणलेली नवी टूम आहे असं मला वाटतं. नाव इतकं लांब होतं की पाटीवर मावत नाही. आपली परंपरा वडिलांच्या नावाचीच.

उत्तर

काका, आदर ठेवून असहमत आहे. आपल्या मातीतला एक प्रसिद्ध सातवाहन राजा आईच्या नावाने ओळखला जातो: गौतमीपुत्र सातकर्णी. त्याच्यानंतरचा वासिष्ठीपुत्र पुळुमावी. नाशिकच्या लेण्यांत गौतमी बलश्रीचा लेख आजही आहे. गौतमी, वासिष्ठी ही गोत्रावरून आलेली नावं, हे खरं. पण राजाने स्वतःची ओळख आईकडून सांगितली, हेही तितकंच खरं.

सरकारचं म्हणाल तर दहावीच्या गुणपत्रिकेवर आईच्या नावाची वेगळी ओळ बरीच आधीपासून आहे, ती फक्त मुलीच्या नावाबाहेर होती. मार्च 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं की 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदांवर असं लिहायचं: मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. जन्मदाखला, शाळेचे कागद, मालमत्तेचे कागद, सगळीकडे हाच क्रम. लग्न झालेल्या बाईच्या नावापुढे मात्र नवऱ्याचं नाव आणि आडनाव ही जुनी रीतच ठेवली. हे मला अर्धवट वाटतं. जन्मताना मिळालेलं आईचं नाव लग्नात पुन्हा गळणार असेल, तर मिळालं काय?

डिसेंबर 2024 मध्ये आझाद मैदानावर मुख्यमंत्र्यांनी ‘देवेंद्र सरिता गंगाधरराव फडणवीस’ अशी शपथ घेतली, ती आपण सगळ्यांनी ऐकली. हिंदी चित्रपटसृष्टीत संजय लीला भन्साळी त्याच्या कितीतरी आधीपासून आईचं नाव लावतात. नाव लांब होतं हे मान्य, पण पाटी मोठी करता येते.

या नव्या रीतीने मधल्या नावांत एक गंमतीचा बदल होणार आहे. आजवर मुलींच्या मधल्या जागी फक्त पुरुषांची नावं यायची. आता स्नेहा, अश्विनी, पूजा, प्रियांका येतील. ‘अन्वी अश्विनी योगेश पाटील’ हे मोठ्याने म्हणून बघा. माझ्या कानाला ते भरलेलं वाटतं.

एक उपप्रश्न इथे हमखास येतो: आईच्या नावाला ‘ताई’, ‘बाई’ लावायचं का? विदर्भ-मराठवाड्यात वडिलांच्या नावाला ‘राव’ लावतात, तसं आईला ‘ताई’ लागलेलं पाट्यांवर दिसतं. मुंबईत आपण दोन्ही नुसती लिहितो. माझं सांगणं एवढंच, की आईच्या आधारवर जे आहे तेच अक्षरन् अक्षर तसं लिहा. आधारवर ‘मीनाक्षी’ आणि दाखल्यावर ‘मीनाक्षीताई’ झालं की शाळाप्रवेशापासून अडायला लागतं. लग्नात नाव बदललेली आई असेल तर माहेरचं की सासरचं, हेही आधी ठरवून घ्या आणि सगळीकडे तेच ठेवा.

पुन्हा प्रश्न

बाई, खूप आभार. मग लंडनच्या बहिणीला काय सांगू?

उत्तर

तिला सांगा, मराठीत ‘चालणारी’ मधली नावं शोधू नकोस, तुझं आणि नवऱ्याचं नाव आहे ना, ती दोन्ही लाव. आवडत असेल तर आजीचंही लावता येतं. तिकडच्या फॉर्मवर मधली नावं एकाहून जास्त असलेली चालतात. मात्र पुढेमागे मुलीसाठी भारताचे कागद करायचे असतील, तर आपल्या पासपोर्टवर मधल्या नावाचा रकानाच नाही हे लक्षात ठेवायला सांगा. आडनावाखेरीजचं सगळं एका ओळीत येतं आणि विमानाच्या तिकिटावर ते सलग छापलं जातं, ‘अन्वीअश्विनीयोगेश’ असं. म्हणून दोन्हीकडचे कागद करताना नावांचा क्रम एकच ठेवायचा.