आईच्या हिरड्यांतून रक्त येतंय, नाशिकमध्ये कुठे दाखवू?

सिडकोकर
आई ६१ वर्षांची, शुगर आहे, बीपीची गोळी चालू. काही महिन्यांपासून ब्रश करताना रक्त येतं. खालच्या पुढच्या दातांमधली हिरडी फुगून वर आलीय. दुखत काहीच नाही, म्हणून बाईसाहेब हलायला तयार नाहीत. पेस्ट बदलून झाली, हळद-मीठ-तेल झालं. वर म्हणते, "दात साफ केले की हलायला लागतात, शेजारच्या काकूंचं बघ." थांबू की दाखवू?

गंगापूररोड_वाली
दाखवा. हिरड्यांचं दुखणं बऱ्याचदा दुखतच नाही, तिथेच माणूस फसतो. माझ्या सासऱ्यांना दात हलेपर्यंत पत्ता नव्हता.

नाशिकरोडचा_भाऊ
मशेरी लावतात का? आमच्याकडे सगळ्या म्हाताऱ्या लावतात आणि वर 'हिरड्या घट्ट होतात' म्हणतात. उलट हिरडी खाली सरकून दाताचं मूळ उघडं पडतं. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, तोंडाच्या कॅन्सरची भीती वेगळीच.

दातांची_डॉक्टर
रोज बघते म्हणून जरा सविस्तर लिहिते. रक्त येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे हिरडीच्या कडेला साचलेला प्लाक, म्हणजे जंतूंचा चिकट थर. तो निघाला नाही की कडक कीट होतो, मग ब्रशने हलत नाही. इथपर्यंत सूज असते, साफसफाईने हिरडी पूर्ववत होते. पुढे आतलं हाड झिजायला लागलं की पायोरिया, आणि झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही. काकूंचे दात सफाईने सैल झाले नसणार. हाड आधीच गेलेलं होतं, कीट काढल्यावर ते जाणवलं इतकंच. काही दिवस थंड-गरम झिणझिणतं, ते ओसरतं.

शुगरचं नातं दोन्ही बाजूंनी आहे. शुगर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्यांत इन्फेक्शन असलं की शुगर आटोक्यात यायला त्रास होतो. पण मला खटकतंय ते 'फुगून वर आलीय'. बीपीची गोळी कोणती? अ‍ॅम्लोडिपिन, निफेडिपिनने काहींच्या हिरड्या वाढतात. फिट येऊ नये म्हणून देतात त्या फेनिटॉइननेही. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.

पंचवटी_प्रवासी
कुठे म्हणाल तर आमच्या पंचवटीत महात्मा गांधी विद्यामंदिरचं केबीएच डेंटल कॉलेज आहे, मुंबई-आग्रा रोडला. हिरड्यांचा विभाग वेगळा. विद्यार्थी करतात, वर सर-मॅडम बघतात. वेळ जातो, डबा घेऊन जा. घाई असेल तर कॉलेज रोडला पावलागणिक दवाखाने आहेत, फक्त पाटीवर एमडीएस पेरिओ, म्हणजे हिरड्यांचे तज्ज्ञ, बघून आत शिरा. चकाचक रिसेप्शनवर जाऊ नका राव!

इंदिरानगर_आई
गरोदरपणातही असंच होतं का? मला पाचवा लागलाय, ब्रश गुलाबी होतो.

दातांची_डॉक्टर
होतं, हार्मोन्समुळे. चौथा ते सहावा महिना सफाईला सोयीचा. आत्ताच जा, गरोदर आहात हे आधी सांगा.

सगळ्यांसाठी: नीट ब्रश करूनही आठ-पंधरा दिवस रक्त येत राहिलं, पू दिसला, दात हलला किंवा दातांत नवी फट पडली, तर वेळ काढून दाखवाच. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणं यात तर अजिबात चालढकल नको. गालावर सूज, ताप, गिळायला त्रास असेल तर त्याच दिवशी. ब्रश न लावताही रक्त येतंय, अंगावर निळे डाग, थकवा असेल तर रक्ताची तपासणीही करा.

सिडकोकर
मशेरी नाही. गोळीचं पाकीट बघितलं, अ‍ॅम्लोडिपिनच आहे!

दातांची_डॉक्टर
मग सगळ्या गोळ्या आणि एचबीए१सीचा (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा) रिपोर्ट सोबत न्या. आधी दात साफ होतील, कीट कमी झाला की वाढही बऱ्यापैकी उतरते. नाहीच उतरली तर बीपीच्या डॉक्टरांना गोळी बदलता येते का विचारू. रक्त पातळ करायची गोळी असेल तर तेही सांगा. सकाळची वेळ घ्या, नाश्ता आणि शुगरची गोळी चुकवून नेऊ नका.