डब्याचे खड्डे: तुकडा उलटा करूनही बघा

एचडीपीईच्या (एक टणक पॉलिथिन प्लास्टिक) डब्याचा तुकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बारीक खड्ड्यांनी भरलेला दिसला, म्हणजे दाणा (कच्चं प्लास्टिक) खराब का, असं इथे एकाने विचारलंय. मला तसं वाटत नाही. सांगलीत कुपवाड एमआयडीसीत ब्लो मोल्डिंगच्या (वितळलेल्या प्लास्टिकची नळी साच्यात हवेने फुगवून डबे करायच्या) मशीनवर असतो, म्हणून थोडी भर घालतो.

बाहेरची बाजू साच्याची नक्कल असते. एचडीपीईचा साचा मुद्दाम सँडब्लास्ट करून खरखरीत ठेवतात, कारण पॅरिसन, म्हणजे ती वितळलेली नळी, फुगून साच्याला टेकताना मधल्या हवेला निघायला वाट लागते. ती खरखर डब्यावर उमटते. हवा अडकली तर वर आणखी खळगे पडतात. आतल्या बाजूला मात्र साचा लागतच नाही, तिथे फक्त हवा. म्हणून तोच तुकडा उलटा करून बघा. लांबच्या लांब उभ्या रेघा असल्या तर त्या डायच्या, म्हणजे नळी ज्या तोंडातून बाहेर पडते त्याच्या. डायच्या ओठाला जळका माल चिकटला की येतात. प्रवाहाला आडव्या, एकामागोमाग वळ्या दिसल्या तर शार्कस्किन: वितळलेला माल डायमधून सुटताना वरचा थर ताणून फाटतो. तिथे डायचं तापमान आणि वेग तपासा. आत काहीच नसेल तर दाण्याला कशाला बोल लावायचा?

आणि नमुन्यावर सोन्याचा पातळ थर दिला होता ना? प्लास्टिकमधून वीज वाहत नाही, त्यामुळे थर नसेल तर भार साठून चित्र पांढरंफटक पडतं. जास्त व्होल्टेजवर एकाच जागी फार वेळ थांबलात तर इलेक्ट्रॉनच्या शलाकेनेच भेगा पडू शकतात, त्या डब्याच्या समजू नका. तळाच्या पिंच-ऑफच्या जोडाचाही (साचा मिटताना नळी चिमटून जुळते ती जागा) आडवा छेद घेऊन फोटो टाका.