समरस्लॅम २००२ : ट्रिपल एच विरुद्ध शॉन मायकल्स

डब्ल्यूडब्ल्यूईच्या (शोसाठीची व्यावसायिक कुस्ती) समरस्लॅम कार्यक्रमातली ही मॅच "फार रेंगाळते" असं इथे एकाने म्हटलंय, ते काही पटलं नाही. ती रेंगाळते ते मुद्दामच. १९९८ च्या रेसलमेनियानंतर (डब्ल्यूडब्ल्यूईचा सगळ्यात मोठा वार्षिक कार्यक्रम) मायकल्स पाठीच्या दुखण्यामुळे चार वर्षं रिंगबाहेर होता. ट्रिपल एच खुर्ची उचलतो आणि हाणतो ती नेमकी त्या पाठीवरच. मग खुर्चीवरच बॅकब्रेकर, म्हणजे पाठ आपटायचा डाव! डी-एक्स या कुस्तीगटातला जुना जोडीदार, दुखरी नस त्याला नाही तर कोणाला ठाऊक असणार? प्रत्येक फटक्यानंतर मायकल्स कमरेला हात लावून कण्हतो, ते बघाच पुन्हा एकदा.

नंतर पट्टा, शिडी, आणि वरच्या दोरावरून थेट बाहेरच्या टेबलावर मायकल्सची उडी. आजही पोटात गोळा येतो.

शेवट तर मला फारच आवडतो. ट्रिपल एचचा हुकमी डाव पेडिग्री उलटवून मायकल्सचा साधा पिन (खांदे जमिनीला टेकवणं), तीन मोजले, खलास. आपल्या हुकमी सुपरकिकने जिंकला असता तर पूर्वीचा हिरो परतला असं झालं असतं. इथे तो जेमतेम सुटतो. आणि लगेच ट्रिपल एचचा पाठीत हातोडा! जिंकलेला माणूस स्ट्रेचरवरून बाहेर. डिसेंबरात आर्मगेडन या कार्यक्रमात दोघं परत भिडले, पण ती मॅच मला याच्यापुढे फिकीच वाटते.